दाराआडची आई

वस्तीच्या चित्रप्रदर्शनासाठी लेकीने आईचं चित्र काढून दिलं आणि चिटणीसबुवांनी ते नेमकं दारामागच्या भिंतीला लटकवलं. दार उघडलं की आई गुडुप. “दुसरीकडे लावा,” ती म्हणाली. “अहो ताई, लागलं ना चित्र? समाधान माना,” म्हणत बुवा स्वतःची सूर्यास्ताची चित्रं समोरच्या भिंतीवर सरळ करू लागले. आई जन्मभर दाराआडच उभी राहिली. घरात चार माणसं आली की बाप डोळे वटारायचा आणि ती मुकाट दारामागे सरकायची. मेल्यावरही तिथेच? लेक सुतारकामावर पोट भरणारी. तिने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, बिजागऱ्या सोडवल्या आणि अख्खं दार उचलून त्या सूर्यास्तांपुढे उभं केलं. लोक आत येऊ लागले. आई थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होती. “माझी चित्रं झाकलीत,” बुवा ओरडले. “अहो बुवा, लागली आहेत ना? समाधान माना.”