हातातला फोन

लेकाच्या फोनचा आवाज बंद करायला वेंडेलनंच लावलं. सकाळपासून गावभराचे मेसेज येत होते आणि प्रत्येक आवाजासरशी दिवाणखान्यातली माणसं दचकत होती. ड्राफ्टचा, म्हणजे खेळाडूंच्या निवडीचा, शेवटचा दिवस होता. अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजातला खेळाडू निवडतात तेव्हा आधी त्याला फोन करतात. टीव्हीवर नाव मागाहून येतं.

"मुठीत धरून बस," बाप लेकाला म्हणाला. "थरथरला की कळेलच."

गॅरिट उजव्या हातात फोन घेऊन टीव्हीसमोर बसला. त्याची आई लोइस सोफ्यामागे उगाच येरझारा घालत होती. हॅमच्या सँडविचना कुणी हात लावला नव्हता. तिला आता ना आशा वाटत होती ना धाकधूक. दोन दिवस वाट बघून तिचं मन बधिर झालं होतं.

त्याच्या विद्यापीठाची तीन पोरं आधीच निवडली गेली होती. त्या तिघांना मोकळं पळता यावं म्हणून चार वर्षं समोरच्यांची धडक छातीवर झेलणारा गॅरिट तेवढा मागे राहिला होता. बिचारा कुरकुरलाही नाही. नोव्हेंबरातल्या सामन्यात त्याची मान आखडली, तेव्हाही संघांच्या डॉक्टरांना त्यानं सगळं ठीक आहे म्हणूनच सांगितलं. घरातही तेच. हल्ली जेवताना काटा हातातून निसटायचा, तर म्हणे लक्ष नव्हतं. आज शर्टाची बटणं बहिणीनं लावून दिली. नवरदेवाचे नखरे बघा, म्हणून तिनं चिडवलं, आणि तोही हसला.

टीव्हीवर नाव पुकारलं गेलं. मार्केल! कॉलेजात गॅरिटच्याच खोलीत राहणारा. विद्यापीठाचा चौथा. घरात एकच गलका झाला. टीव्हीवर मार्केल आपल्या आईच्या गळ्यात पडून रडत होता आणि गॅरिट एकटक पडद्याकडे बघत होता.

लोइसची नजर खाली गेली. गॅरिटच्या बोटांच्या फटींतून उजेड येत होता. फोनवर कुठल्यातरी लांबच्या शहराचा नंबर होता, आणि फोन थरथरत होता. ती हाक मारणार, तोच तिला काटा आठवला, बटणं आठवली.

तिनं वाकून दोन बोटांनी फोन अलगद काढून घेतला. त्यानं मान वळवली नाही. फोन आता तिच्या तळहातात थरथरत होता. ती थरथर तिला पार कोपरापर्यंत जाणवत होती.

"आला का रे?" पुढच्या खुर्चीतून वेंडेलनं मागं न बघता विचारलं.

गॅरिटची मूठ गुडघ्यावर तशीच होती, फोन मावेल एवढी उघडी.

"हातातच आहे, बाबा," तो म्हणाला. "आला की कळेल."