गुंगीची धमनी

गिरणीची नर्स कुंदाने तिथेच कामाला असलेल्या सासूच्या मानेवरची धमनी चाचपली. ग्रीकांनी तिला नावच मुळी गुंगीवरून दिलं. दाबली की माणूस आडवा. गिरणीत कुणी प्रश्न विचारला, की साहेब बटण दाबायचे, त्या कामगाराच्या गळ्यातला पट्टा तीच धमनी आवळायचा. सासूचा पट्टा आज दोनदा आवळला होता; तिसऱ्यांदा आवळला तर ती उठणार नव्हती.

कुंदाने पट्ट्याची धमनीवर दाबणारी गादी दोन बोटं बाजूला सरकवली. "आत्याबाई, बटण दाबलं की मान टाका."

"मान टाकायला मी कोंबडी आहे का गं?"

सासू थेट साहेबांपुढे गेली. "काल तुम्ही बटण दाबल्यापासून माझ्या जोडीची सुमन उठली नाही. तिला कुठं नेलंत?"

साहेबांनी बटण दाबलं. सासू विचारतच राहिली. त्यांनी पुन्हा दाबलं, मग कुंदाकडे पाहिलं.

कुंदा रांगेतल्या पुढच्या बाईच्या पट्ट्याची गादी सरकवत होती.