टोळीत चारच

श्रीपादने जर्मनीहून आणलेला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि देवासच्या त्या क्वार्टरमध्ये रोज संध्याकाळी राक्षस मरू लागले. खेळातल्या टोळीला पोरांनी घरातलीच नावं दिली होती: तलवारवाले बाबा, तिरंदाज सुहास, जादूगार मृदुला आणि सगळ्यांच्या जखमा बऱ्या करणारी विनोदिनीआत्या. पोरांची आई गेल्यापासून घरातही ते काम आत्याचंच होतं. पडद्यावर आपलं नाव दिसलं की पोळ्या लाटता लाटता ती सुखावायची.

श्रीपादचं दुसरं लग्न झालं आणि पडद्यावर आत्याचं नाव दिसेनासं झालं.

"काय रे, मेले की काय मी?"

"नाही आत्या, नवी आई घेतली ना. टोळीत चारच चलतात."

"मग मी कुठे आहे?"

"धर्मशाळेत. तिथे एकदम सेफ. भूक पण नाही लागत."

"आणि परत कधी घेणार मला?"

"घेता येतं," सुहास पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "पण घेत कोणीच नाही. बाकी गेम झकास आहे."

आत्या पदर तोंडाला लावून हसली.

रविवारी सगळे मोहनखेड्याला दर्शनाला गेले. दर्शन झाल्यावर श्रीपादने डिकीतून तिची ट्रंक काढली.

"ताई, तू राहा इथे धर्मशाळेत थोडे दिवस. मन रमेल. मी येतोच घ्यायला."

"अरे, पण माझ्या जेवणाखाण्याचं काय?"

गाडीची काच वर करता करता सुहास म्हणाला, "धर्मशाळेत भूक नाही लागत, आत्या."