टॅपचा मेसेज

शनिवारची दुपार सामसूम होती, तेवढ्यात टिंग वाजलं. जीवनने सवयीने आपला फोन उचलला, पण त्यावर काहीच नव्हतं. वाजला होता तो हर्षालीचा.

नोकरी तिची, कार्डही तिचं. पण लग्न झाल्यापासून बँकेचे मेसेज मात्र नवऱ्याच्या फोनवर. तिने गंगापूर रोडला दुकानातल्या मशीनवर कार्ड टेकवायचा अवकाश, की याचा फोन आलाच म्हणून समजा. "मिसळ कोणाबरोबर खाल्लीस गं?"

"बँकेचाच मेसेज आहे," ती म्हणाली. "काल जाऊन माझा नंबर देऊन आले."

"मला न विचारता?" जीवन उठून बसला. "अगं, तुझ्याच काळजीने बघत होतो मी. त्या कार्डाला पिन नाही, काही नाही, नुसतं टॅप केलं, टेकवलं, की पैसे गेले. उद्या कोणी चोरलं म्हणजे?"

"चोरलं तर बंद करीन. आणि टेकवण्याचं म्हणाल, तर तेही बँकेतल्या मॅडमना विचारून आलेय. कार्ड आणि मशीन दर वेळी नवीन गुप्त कोड तयार करून एकमेकांशी बोलतात. मधल्या तिसऱ्याला त्यातलं अक्षर कळत नाही." मांडीवरच्या ओमचे केस सारखे करत तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "आणि आजपासून तर मुळीच कळणार नाही, अहो."

ओमने मान वर केली.



"आई, तिसरा म्हणजे बाबा?"