चपला हातात

"अर्ज करून कधी क्रांती होते का, वत्सला?" वहाळावरच्या नव्या साकवापाशी, त्या छोट्याशा पुलापाशी उभं राहून दीनानाथने विचारलं. मुंबईहून तो खास टोमणा मारायलाच आला होता.

वत्सलाला हसू आलं. कॉलेजात असताना दोघं पत्रकांचे गठ्ठे डोक्यावर आणि चपला हातात घेऊन हाच वहाळ ओलांडायची. सरकारकडे काही मागायचं नाही, सरकारच उलथवायचं, असं ती वाडीतल्या सभेत ठणकावून सांगायची. एकदा एका म्हातारीने भाबडेपणाने विचारलं, "बाय, ही क्रांती पावसाच्या आधी होईल ना गो? पोरींची शाळा बुडते." दुसऱ्या दिवशी वत्सलाने साकवासाठी पहिला अर्ज लिहिला. पुढे एकतीस वर्षं ती अर्जच करत राहिली; जिल्हा परिषदेच्या शिपायांनाही तिचं नाव पाठ झालं.

शाळा सुटलेल्या पोरी धावत आल्या, साकवाशी थबकल्या आणि सवयीने चपला काढू लागल्या.

"अगो, घाला पायात!" वत्सला ओरडली. पोरी खिदळत, चपला फटफट वाजवत पलीकडे पळाल्या. खाली वहाळ दुथडी भरून नुसताच गुरगुरत राहिला.

"तू विचार सोडलास, एवढंच खरं," दीनानाथ पुटपुटला आणि तणतणत वाडीकडे निघाला. साकवाच्या तोंडाशी तो थांबला. वाकून त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या.

वत्सला खदखदून हसली. "घाल रे पायात, कॉम्रेड! इथे आता पाय भिजत नाहीत."