सहीला लागणारा वेळ

मेंदू मृत झालेल्या दात्याची प्लीहा लॅबमध्ये आली, की तिथल्या संशोधक बाई तिच्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी सुट्या करून फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रात सोडायच्या. लेझरसमोरून एकेक पेशी जायची आणि पडद्यावर ठिपके उमटायचे. प्लीहा उशिरा आली की निम्म्या पेशी मेलेल्या निघायच्या आणि बाईंचं डोकं फिरायचं. मग हॉस्पिटलमधल्या अवयवदान समन्वयकाला त्या फोनवरच फैलावर घ्यायच्या.

"नातेवाईक एका सहीला इतका वेळ लावतातच कसे? आणि तुम्ही काय त्यांच्या तोंडाकडे बघत बसता? माझ्या प्रयोगाची पार वाट लागली!"

दोन वर्षं हेच चाललं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

आज त्याच हॉस्पिटलच्या बाकावर, धाकट्या भावाच्या चपला पिशवीत घेऊन बाई बसल्या होत्या. मांडीवर त्याच्या अवयवदानाचं संमतीपत्र होतं. आल्यापासून त्या नुसती मान हलवून उत्तरं देत होत्या; पेनाचं टोपण अजून उघडलेलं नव्हतं. समन्वयकाने पाण्याचा पेला पुढे केला आणि अगदी हळू आवाजात तो म्हणाला,


"ताई, रागावू नका, पण जरा लवकर सही केलीत तर बरं होईल. त्या लॅबवाल्या बाई फोनवर फार ओरडतात हो."