भरला तांब्या

ओसाकात, लेकीच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, प्रमिलाबाई भरला तांब्या घेऊन भांबावून उभ्या होत्या. "पाणी कुठं घालू गं?"

गावी वायरमन नवऱ्यानं बजावल्यापासून तीस वर्षं त्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी घालत. खड्डा कोरडा पडला की घरात शॉक बसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. इथं तर अंगणच नाही!

"आई, जपानात असलं काही लागत नाही," म्हणत लेकीनं ओल्या हातानं वॉशिंग मशीन उघडलं आणि किंचाळून हात झटकला.

प्रमिलाबाईंनी तांब्या खाली ठेवून मशीनच्या मागं वाकून पाहिलं. अर्थिंगची हिरवी वायर नुसतीच लोंबत होती. त्यांनी प्लग काढला, वायर भिंतीवरच्या सॉकेटजवळच्या अर्थिंगच्या स्क्रूखाली घट्ट आवळली.

लेकीनं तांब्या उचलला. "आता पाणी कुठं घालायचं, आई?"

"तेच तर विचारतेय मघापासून!"